वॉशिंग्टनकरांची गोष्ट

वाचकहो, दिवाळी आणि वाद यांचे आमच्या घराशी जुने नाते आहे. गेल्या वर्षी चकलीच्या भाजणीत धने किती घालावेत यावरून सौ. आणि तिची धाकटी जाऊ यांच्यात दोन दिवस अबोला होता. यंदाचा वाद मात्र फराळाचा नव्हे. तो झाला एका आडनावावरून, आणि त्यात अपराधी मीच होतो.

त्याचे असे झाले. आमची पुतणी शिक्षणासाठी अमेरिकेत असते. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. हल्लीच्या फोनवर माणूस दिसतोही आणि ऐकूही येतो, त्यामुळे सौ.ने तिला आरतीचे तबक, मोदक आणि शेजारच्यांचे नवे बाळ असे सारे दाखवून घेतले. इतक्यात पुतणीच्या मागून एक उंचेला, सावळा, हसतमुख तरुण डोकावला. तो तिच्याबरोबर प्रयोगशाळेत काम करतो. पुतणीने ओळख करून दिली. आडनाव वॉशिंग्टन!

आता मला गप्प बसायला काय झाले होते? पण नाही. मी माझ्या शाळकरी इंग्रजीत म्हणालो, "वा! म्हणजे आपण राष्ट्राध्यक्षांच्या घराण्यातले की काय?" आणि स्वतःच हसलो.

तो तरुणही हसला. म्हणाला, "काका, हा प्रश्न मला पहिलीपासून विचारतात. आमच्या घराण्याचा शोध १८७० सालापर्यंत लागतो. त्याच्यामागे भिंत आहे." आणि नम्रपणे नमस्कार करून तो निघून गेला.

तो गेल्यावर पुतणीने माझी चांगलीच हजेरी घेतली. "काका, तुमचा विनोद तुमच्यापुरता एकदा झाला. त्याला तो दर आठवड्याला गिळावा लागतो. त्याचे आडनाव कुठून आले, हे तुम्ही जरा वाचून पाहा. तुम्ही तर पेपरात लिहिता!"

हा शेवटचा टोला वर्मी बसला. मग मी चष्मा पुसला आणि वाचायला बसलो. त्यातून जे हाती लागले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गंमत ही, की वॉशिंग्टन हे आडनाव आपल्या 'कर'वाल्यांच्याच जातकुळीतले आहे. पुण्याचा तो पुणेकर, नागपूरचा तो नागपूरकर, तसा वॉशिंग्टनचा तो वॉशिंग्टन. आणि हे वॉशिंग्टन म्हणजे अमेरिकेची राजधानी नव्हे बरे! ते इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यातले एक जुने खेडे. जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे वाडी, वस्ती. कोणी एक ह्वेस्सा नावाचा माणूस होऊन गेला, त्याच्या माणसांची ही वाडी. म्हणजे आपल्याकडे जशी एखादी 'गणेशवाडी' असते, तशीच म्हणा ना.

या गावाचे नाव माणसाला चिकटले, त्याचा कागद आहे. डरहॅमच्या बिशपने ११८३ साली आपल्या जमिनींची आणि येणे वसुलीची एक वही तयार करवली. तिला 'बोल्डन बुक' म्हणतात. आपल्याकडच्या जमाबंदीच्या दप्तरासारखीच ही वही. तीत विल्यम नावाच्या एका सरदाराची नोंद आहे. त्याचे आधीचे गाव हार्टबर्न, म्हणून तो विल्यम डी हार्टबर्न. त्याने हार्टबर्न देऊन बदल्यात वॉशिंग्टन घेतले. अट काय, तर चार पौंड भरायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचे! गाव बदलले तसे आडनावही बदलले. विल्यमसाहेब वॉशिंग्टनकर झाले.

त्यांच्या वंशजांच्या शाखा पुढे दूरदूर पसरल्या. एक शाखा दक्षिणेकडे सरकली. तीतला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात पैसा मिळवून नॉर्दॅम्प्टनचा नगराध्यक्ष झाला. आठव्या हेन्रीने मठांच्या जमिनी जप्त करून विकायला काढल्या, तेव्हा १५३९ साली याने सलग्रेव्हची जमीन विकत घेतली आणि तेथे वाडा बांधला. तो आजही उभा आहे. या घराण्याच्या ढालीवर दोन तांबडे पट्टे आणि वर तीन तांबड्या चांदण्या असत. अमेरिकेच्या राजधानीचे जे निशाण १९३८ साली ठरले, त्यावर हेच दोन पट्टे आणि ह्याच तीन चांदण्या आहेत. इंग्रज सरदाराची ढाल थेट महासागरापलीकडे जाऊन फडकली!

ती पलीकडे गेली कशी? तर एका धर्मोपदेशकाची नोकरी गेली म्हणून. याच घराण्यातले एक पाद्री इसेक्समधल्या पर्ली गावी होते. यादवी युद्धाच्या धामधुमीत, १६४३ साली, प्युरिटनांनी त्यांना पदावरून काढले. आरोप काय, तर गुत्त्यात फार बसतात! घरची घडी विस्कटली. त्यांचा मुलगा जॉन जहाजावर नोकरी धरून व्हर्जिनियाला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. या जॉनचा पणतू जॉर्ज, जन्म १७३२, पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

येथवर गोष्ट शाळेच्या पुस्तकात शोभेल अशी आहे. पण पुतणीने मला वाचायला लावले ते यापुढचे.

जॉर्ज वॉशिंग्टनला स्वतःचे मूलबाळ नव्हते. म्हणजे त्याचा वंश असा नाहीच. पण त्याच्या माउंट व्हर्नन येथील शेतवाडीवर १७९९ साली, तो वारला त्या वर्षी, ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे. पत्नीच्या पश्चात यांना मोकळे करावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले, आणि पत्नी मार्था हिने त्यांना १ जानेवारी १८०१ रोजीच मोकळे केले. उरलेल्यांपैकी बहुतेक तिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. त्यांना सोडण्याचा हक्क दोघांनाही नव्हता. नवरा मोकळा आणि बायको-मुले गुलाम, असे संसार त्या दिवशी तुटले. स्वातंत्र्याच्या लढ्याचा सेनापती, आणि त्याच्या अंगणातली ही कथा!

या गुलामांतला एक हॅरी. आफ्रिकेत जन्मलेला. वॉशिंग्टनने त्याला १७६३ साली विकत घेतले होते. १७७६ साली मालक इंग्रजांविरुद्ध लढत असता हा हॅरी पळाला आणि इंग्रजांनाच जाऊन मिळाला, कारण आपल्याकडे येणाऱ्या बंडखोरांच्या गुलामांना स्वातंत्र्य देण्याचे इंग्रजांनी कबूल केले होते. युद्ध संपल्यावर १७८३ साली इंग्रजांनी अशा लोकांना जहाजांतून नोव्हा स्कोशियाला नेले. त्यांच्या यादीत याचे नाव आहे हॅरी वॉशिंग्टन. तेथून १७९२ साली तो आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला. तिथल्या कंपनीने जमिनीवर पट्टी बसवली, तेव्हा १८०० सालच्या बंडात तोही होता, आणि त्याबद्दल हद्दपार झाला. मालकाने राजाच्या करांविरुद्ध बंड केले, तो राष्ट्रपिता ठरला. गुलामाने कंपनीच्या पट्टीविरुद्ध बंड केले, तो हद्दपार! आडनाव मात्र दोघांचे एकच.

मग ती १८७० सालची भिंत कसली? तेही उमगले. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन शिरगणतीत गुलामांची नावेच लिहीत नसत. मालकाच्या नावाखाली नुसते वय, रंग आणि स्त्री की पुरुष एवढे मांडायचे, जशी गोठ्यातली गुरे मोजावीत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पुढची शिरगणती १८७० ची. त्या वर्षी ही लाखो माणसे प्रथमच नाव-आडनावानिशी कागदावर आली. त्याच्यामागे कागद संपतो. आमच्या पुतणीचा तो मित्र ज्या भिंतीबद्दल बोलत होता, ती हीच.

म्हणून सगळ्या गुलामांना आडनावेच नव्हती असे मात्र नाही. पुष्कळांना होती. ती आपापसांत चालत आणि मालकाच्या कानावर जाऊ देत नसत. स्वातंत्र्य मिळाल्यावर कोणी ती उघड लावली, कोणी जुन्या मालकाचे आडनाव टाकून नवे घेतले, कोणी ओळख राहावी म्हणून जुनेच ठेवले.

नवे आडनाव घेणाऱ्या एका मुलाची हकीकत त्याच्याच शब्दांत जगापुढे आली आहे. तो बुकर. जन्म १८५६, गुलामीत. मुक्त झाल्यावर वेस्ट व्हर्जिनियात सावत्र बापाबरोबर मिठाच्या भट्टीवर कामाला लागला. बापाच्या पिंपांवर १८ हा आकडा घालीत. पोराला अक्षरओळख झाली ती त्या आकड्यापासून. पुढे शाळेत गेला, तेव्हा मास्तर हजेरी घेऊ लागले. पाहतो तो प्रत्येक पोराला दोन नावे, काहींना तर तीन! याला एकच. आपली पाळी येईपर्यंत त्याने विचार केला, आणि मास्तरांनी विचारताच शांतपणे सांगितले, "बुकर वॉशिंग्टन." सावत्र बापाचे पहिले नाव वॉशिंग्टन होते, ते याने आडनाव म्हणून लावले. हाच पुढे टस्कीगीच्या प्रसिद्ध विद्यालयाचा संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन. त्याचे आत्मचरित्र १९०१ साली निघाले. मराठीत ते 'आत्मोद्धार' या नावाने आले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ते वाचले आहे.

ही हजेरीची हकीकत वाचताना मला आपल्याकडची एक हजेरी आठवली. सकपाळांच्या घरातला भीमराव शाळेत गेला, तो गावाच्या नावावरून. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. शाळेच्या पटावर त्या नावाचे पुढे आंबेडकर झाले. त्या दोन वर्गांमध्ये सात समुद्रांचे अंतर, पण पटावरच्या एका ओळीत माणसाचे नवे नाव कसे उभे राहते, ते दोन्हीकडे सारखेच.

आता आकडा ऐका. अमेरिकेच्या २००० सालच्या शिरगणतीत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसे निघाली. त्यांतली शेकडा ९० कृष्णवर्णीय! इतके मोठे प्रमाण तिथल्या दुसऱ्या कोणत्याही सर्रास आडनावात नाही. जेफरसन हे दुसरे, तेही शेकडा ७५ वर थांबते. डरहॅमच्या बिशपला कुत्रे पुरवणाऱ्या सरदाराचे नाव आज पोसले आहे ते गुलामीतून सुटलेल्यांच्या लेकरांनी. खुद्द राजधानीच्या शहराला लोकांनी निवडलेला महापौर कित्येक दशकांनी मिळाला, तो १९७५ साली अधिकारावर आला. त्याचे नाव वॉल्टर वॉशिंग्टन, एका गुलामाचा पणतू. शिकागोचा पहिला कृष्णवर्णीय महापौर हॅरोल्ड वॉशिंग्टन, निवड १९८३ ची. आणि तुमची-आमची मुले ज्याचे चित्रपट पाहतात, तो डेन्झेल वॉशिंग्टन.

आणि मूळ गाव? ते आहे. १९६४ साली सरकारने तिथे नवे शहर वसवायचे ठरवले, आणि आज ते संडरलँड शहरात मोडते. जुना वाडा मोडकळीला आला होता, तो गावकऱ्यांनी वाचवला. १९५५ साली अमेरिकेच्या राजदूताच्या हस्ते तो लोकांसाठी खुला झाला. ज्यांच्या आडनावात ते गाव आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या रक्तात मात्र ते गाव नाही. त्यांनी ते नाव वारशाने घेतले नाही, हाताने उचलून घेतले.

हे सगळे वाचून झाल्यावर मी त्या तरुणाला एक पत्र लिहिले. माझ्या प्रश्नाची क्षमा मागितली, आणि माझे आडनावही गावावरून आले आहे, हे सांगितले. चार दिवसांनी उत्तर आले. क्षमेबद्दल त्याने एक ओळही लिहिली नव्हती. विचारले होते ते असे: "तुमचे गाव कसे आहे? तिथे समुद्र आहे का? तुमच्या आजोबांचे घर अजून उभे आहे का? एखादे छायाचित्र पाठवाल का?"

वाचकहो, मी केळशीकर. आजोबांनी केळशी सोडली आणि पुणे गाठले. मी त्या गावी गेलो तो लहानपणी, एकदाच, जत्रेला. मला आठवते ते फक्त वाळूत हरवलेले माझे एक पायताण. घर उभे आहे की पडले, मला ठाऊक नाही. ज्याच्यापुढे भिंत आहे तो मला माझ्या गावाची खबर विचारतो, आणि ज्याच्या गावाला दापोलीहून सरळ रस्ता जातो तो मी, साठीपर्यंत पुण्यात बसून दुसऱ्याच्या घराण्याच्या चौकशा करतो!

ते पत्र मी सौ.ला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग करंज्यांचा डबा बंद करता करता म्हणाली, "भाऊबीज झाली की निघू. मुलांनाही घेऊ. आणि हे पाहा, या खेपेला पायताणे सांभाळा."

तेव्हा पाडव्यानंतर आमचा पत्ता आठ दिवस केळशी. छायाचित्र पाठवायचे आहे.