चिऱ्याला हात न लावता

खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो आणि हवेत उघडा राहिला की कठीण होतो, हे वास्तुकलेच्या पाठ्यपुस्तकात वाचायला मिळते. आलेल्या मालातला कोणता चिरा बाजूला काढायचा, हे मात्र गवंड्याला हाताने कळते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. सच्छिद्र चिऱ्यात शिरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंटच्या घट्ट थराआड ती कोंडते आणि भिंत आतून खचू लागते. जुन्या घरांच्या ‘नूतनीकरणा’त तरीही सिमेंटच थापले जाते, आणि आराखड्यावर अनेकदा पदवीधराची सही असते.

पणजीत आल्तिनोवरील वास्तुकला महाविद्यालय १९८२ साली सुरू झाले. अभ्यासक्रमाची चौकट देशभर वास्तुकला परिषद आखून देते: पाच वर्षे, दहा सत्रे, त्यांतील एक व्यावसायिक प्रशिक्षणाचे. हे सत्र बहुधा एखाद्या कार्यालयात संगणकासमोर सरते. परीक्षकापुढे शेवटी मांडली जातात ती रेखाचित्रे आणि पुठ्ठ्याची प्रतिकृती. पुठ्ठ्याच्या भिंतीवर पावसाळा येत नाही.

अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठात सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये वेगळी वाट धरली. अलाबामातील हेल काउंटी या गरीब ग्रामीण भागात त्यांनी ‘रूरल स्टुडिओ’ उभा केला. तिथे विद्यार्थी जे रेखाटतात ते स्वतः बांधतात. सुरुवातीचे एक घर गवताच्या गठ्ठ्यांचे होते. पुढे २००५ पासून साहित्य आणि मजुरी धरून वीस हजार डॉलरांत घर बसवण्याचा प्रयोग सुरू झाला. आत खरे कुटुंब राहणार असल्याने तिथे चुकीची किंमत गुणपत्रिकेपुरती उरत नाही.

याची नक्कल गोव्यात जशीच्या तशी होणार नाही. सत्र अपुरे पडते, बांधकामाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणी घ्यायची हा प्रश्न आहेच. पण खरी अडचण वेगळी आहे. नियमित अध्यापकाला पदवी लागते; चुना मुरवणारा गवंडी फार तर पाहुणा म्हणून येतो, तासाभराचे प्रात्यक्षिक दाखवतो आणि निघून जातो. त्याच्या हाताखाली महिनाभर काम केल्याचे गुण कोणत्या रकान्यात लिहायचे, हे ठरलेले नाही.

जुलै २०२३ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या कला अकादमीत नूतनीकरण चालू असताना खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. चर्चा कंत्राट आणि राजकीय जबाबदारीभोवती फिरली, आणि ती व्हायलाच हवी होती. जुनी इमारत वाचू शकणारी माणसे राज्यात कुठे घडतात, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

सुरुवात लहान असू शकते. दरवर्षी एका पंचायतीने एखादा बसथांबा किंवा शाळेची पडकी भिंत महाविद्यालयाच्या हवाली करावी, त्या कामावर अनुभवी गवंड्याला पूर्ण सत्राचे मानधन मिळावे आणि गुणांकन पहिला पावसाळा उलटल्यावर व्हावे.