उसनी चाल, स्वतःचे शब्द

फ्रान्सच्या राजकीय इतिहासात १९३६ च्या जून महिन्याला एक आगळे स्थान आहे. लेऑन ब्लूम यांच्या नेतृत्वाखाली लोकआघाडीचे सरकार नुकतेच अधिकारावर आले होते, कारखान्याकारखान्यांतून संप चालू होते, आणि त्या रेट्याखाली दोन कायदे संमत झाले. एकाने कामाचा आठवडा चाळीस तासांचा केला. दुसऱ्याने पगारदाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. त्याच उन्हाळ्यात लेओ लाग्रांज या उपमंत्र्यांच्या खटपटीने रेल्वेचे सवलतीचे रजा-तिकीट निघाले आणि कित्येक फ्रेंच कामगारांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. या लोकआघाडीला फ्रेंच माणूस बोलण्याच्या ओघात 'फ्राँ पॉप' असे म्हणतो. पुढे बरोबर ऐंशी वर्षांनी, २०१६ साली, पॅरिसमधील 'फ्रेंच बुतीक' नावाच्या एका छोट्या बँडने आपल्या ध्वनिमुद्रिकेला हेच नाव दिले. 'पॉप' या शब्दावरील श्लेष उघड आहे. पण तो केवळ गमतीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, असे मला वाटते.

बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरातीपुढचे तांबड्या कोटातले वादक येतात. हे प्रकरण अर्थातच वेगळे. गिटार, ऑर्गन, ड्रम आणि गाणारी स्त्री असा हा बेताचा संसार असून गाणी मुख्यतः फ्रेंचमध्ये आहेत. घाट मात्र साठ वर्षांपूर्वीच्या लंडनचा : आटोपशीर, ठसकेबाज, मुखडा ऐकताच लक्षात राहणारा. आपल्या संगीताला ही मंडळी 'आधुनिकतावादी पॉप' म्हणवतात. येथेच चिकित्सक वाचक हसेल आणि त्याचे हसणे गैर नाही. ज्यांना १९६२ मध्ये आधुनिक म्हणत, त्यांची हुबेहूब नक्कल एकविसाव्या शतकात करणाराने स्वतःस आधुनिक म्हणावे, हा विनोदच नव्हे काय? सायमन रेनल्ड्स या इंग्रज समीक्षकाने २०११ साली 'रेट्रोमेनिया' नावाचा ग्रंथ लिहून हाच आक्षेप सविस्तर मांडला. लोकप्रिय संगीत आपल्याच भूतकाळाच्या व्यसनात बुडाले आहे. एके काळी दर दहा वर्षांनी नवे काही काढणारी ही कला आता जुन्या पेट्या उपसत बसली आहे, असा त्याचा सूर आहे. त्यात बरेच तथ्य आहे. जुन्या बटणांचे कोट, जुन्या बांधणीच्या गिटारी, जुन्या वेष्टनांची अक्षरे, हे सारे जमवून शेवटी हाती येते ती एक सुबक वस्तुसंग्रहालयातील काचपेटी, असे अनुभव थोडे नाहीत.

तथापि जीर्णोद्धार झाला एवढ्यावरून त्याला दोष देण्यापूर्वी, तो कशाचा झाला हे पाहावयास हवे. 'मॉड' हा शब्द 'मॉडर्निस्ट' याचा संक्षेप. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये नव्या वळणाचे जॅझ ऐकणाऱ्या काही तरुणांनी तो स्वतःस लावून घेतला. हे तरुण कोण होते? सरदारांची मुले नव्हेत आणि विद्यापीठातले कवीही नव्हेत. त्यांतले पुष्कळसे कचेऱ्यांतील कनिष्ठ कारकून, दुकानांतील विक्रेते, शिकाऊ कामगार होते. आठवडाभर वरिष्ठांची बोलणी खावयाची आणि शनिवारी रात्री मात्र इटालियन बेताचा नीट शिवलेला सूट घालून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सोल संगीत आणि जमैकातील स्का यांच्या तालावर नाचावयाचे. केशरचना फ्रेंच सिनेमातून उचलावयाची आणि वाहन इटलीचे : व्हेस्पा किंवा लँब्रेटा. त्यांच्या आधुनिकतेतील जवळपास प्रत्येक वस्तू कोठून तरी उसनी आणलेली होती. त्यांचे स्वतःचे होते ते एकच : दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्या माणसालाही डौलाने जगण्याचा हक्क आहे, हा आग्रह. 'द हू' आणि 'स्मॉल फेसेस' यांच्या संगीताला या आग्रहाने धार आणली.

त्या स्कूटरची गोष्ट सहज आठवते म्हणून सांगतो. लंडनचा मॉड ज्या व्हेस्पाला डझनभर आरसे आणि दिवे लावून मिरवत होता, तीच व्हेस्पा त्याच दशकात बजाज ऑटो पिआज्जिओच्या परवान्याने आपल्याकडे पुण्यात बनवीत होती. तो परवाना १९७१ साली संपला. लँब्रेटा मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया तयार करीत असे. आपल्याकडे मात्र त्या यंत्राच्या वाट्याला बंडखोरी आली नाही. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, मिळाली की हार घालावयाचा, आणि मग पुढे उभे राहिलेले मूल, मागे एका बाजूने बसलेली पत्नी आणि हुकाला लटकणारी भाजीची पिशवी अशी संसारयात्रा सुरू करावयाची. यंत्र एकच, एका ठिकाणी ते घरापासून दूर नेणारे झाले, दुसऱ्या ठिकाणी घरच वाहून नेणारे. उसनी वस्तू घेणाऱ्याच्या हाती गेली की तिचा अर्थ तोच राहत नाही, याची ही आपल्या अंगणातील साक्ष.

मॉड मंडळींची अपकीर्ती झाली ती १९६४ च्या सुट्ट्यांत. ईस्टरला क्लॅक्टन येथे आणि पुढे मे महिन्यात मार्गेट व ब्रायटनच्या किनाऱ्यांवर त्यांचे 'रॉकर' म्हणविणाऱ्या मोटरसायकलवाल्यांशी खटके उडाले. स्टॅन्ली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा वृत्तपत्रांनी रंगविलेले चित्र कितीतरी भडक होते आणि त्या चित्रामुळेच पुढच्या दंग्यांना खतपाणी मिळाले. वृत्तपत्रात लिहिणारांनी तो ग्रंथ अधूनमधून चाळावा, असा आहे. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. ही मुले समुद्रावर गेली होती ती सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी. १९३६ चा फ्रेंच कामगार आणि १९६४ चा इंग्रज कारकून या दोघांनाही किनाऱ्यावर नेणारी गाडी एकच होती : कामातून सुटलेला, स्वतःच्या मालकीचा वेळ. 'फ्राँ पॉप' हा श्लेष करणाऱ्याला हा दुवा दिसला असावा, असे मानण्यास जागा आहे.

आता खुद्द फ्रान्सकडे वळू. तेथे साठच्या दशकातील तरुणांच्या संगीताला 'येये' हे काहीसे हेटाळणीचे नाव पडले. इंग्रजी गाण्यांत वारंवार येणाऱ्या होकाराच्या उद्गारावरून ते आले. 'युरोप १' या नभोवाणी केंद्रावर १९५९ पासून 'सल्यू ले कोपँ' म्हणजे 'नमस्कार, दोस्तहो' हा कार्यक्रम सुरू झाला, १९६२ मध्ये त्याच नावाचे मासिक निघाले, आणि २२ जून १९६३ रोजी पॅरिसच्या नासिओं चौकात त्याच्या वाढदिवसानिमित्त झालेल्या जलशाला दीड लाखांच्या घरात तरुण लोटले. वडीलधारी मंडळी हादरली. एद्गार मोरँ या विचारवंताने लगेच 'ल माँद' दैनिकात त्या घटनेचा अन्वयार्थ लावणारे लेख लिहिले आणि 'येये' हा शब्द रूढ केला. टीकाकारांचे म्हणणे साधे होते : ही सारी अमेरिकेची उष्टी पत्रावळ आहे. आरोप खोटा नव्हता. जॉनी हॅलिडेसारख्या गायकांच्या सुरुवातीच्या गाण्यांत परकीय गाण्यांची फ्रेंच रूपांतरेच पुष्कळ होती.

पण रूपांतर करताना एक अडचण आली आणि त्या अडचणीनेच पुढे उपकार केले. इंग्रजी शब्दाला स्वतःचा आघात असतो. तो आघात ड्रमच्या ठोक्यावर अलगद बसतो. फ्रेंचमध्ये अक्षरे जवळजवळ समभार चालतात आणि जोर येतो तो शब्दसमूहाच्या अखेरीस. लघुगुरूंचा हिशेब ज्याने शाळेत एकदा तरी मांडला आहे, त्याला ही पंचाईत सांगावयास नको. इंग्रजीसाठी बेतलेला अंगरखा फ्रेंच वाक्याला खांद्यात घट्ट आणि कमरेत ढगळ होऊ लागला. तेव्हा काहींनी वाक्य मोडले, काहींनी चाल वाकविली. फ्रान्स्वाज हार्दी ही अठरा वर्षांची मुलगी १९६२ साली स्वतः लिहिलेले एकटेपणाचे गाणे घेऊन आली, ते असे हलक्या आवाजात, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखे म्हटलेले, की त्याला कोणी अनुवाद म्हणू शकले नाही. झाक ल्युत्राँ १९६६ मध्ये झाक लाँझमान यांच्या शब्दांवर उभा राहिला, तेव्हा खालचा ठेका सरळसरळ लंडनचा होता. परंतु साऱ्या जगाच्या कोटिकोटी माणसांचा विचार करून पुन्हा आपल्याच छोट्या सुखांकडे वळणारा तो खट्याळ, स्वतःवर हसणारा गृहस्थ अस्सल पॅरिसचा होता. नक्कल म्हणून जे सुरू झाले ते अशा रीतीने वारसा झाले. २०१७ च्या डिसेंबरात हॅलिडे यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा शाँझेलिझेवर लोटलेला जनसमुदाय आणि २०२४ च्या जूनमध्ये हार्दी यांच्या निधनानंतर व्यक्त झालेली हळहळ पाहता, ज्याला उष्टे म्हटले गेले होते ते राष्ट्राने घरचे मानले, याविषयी शंका राहत नाही.

'फ्रेंच बुतीक'सारख्या मंडळींनी फ्रेंचमध्ये गावे यात काय विशेष, असे कोणी विचारील. विशेष असे, की आजच्या फ्रेंच तरुण वादकापुढे दुसरा, अधिक किफायतशीर रस्ता खुला आहे. व्हर्साय येथील 'फीनिक्स' या बँडने इंग्रजीत गाऊन जग जिंकले आणि २०१० साली अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिकही मिळविले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपली भाषा कोणती हे ठरविण्याचा अधिकार कलावंताचा आहे. परंतु ज्या घाटाची मायबोली इंग्रजी, तो घाट पत्करूनही फ्रेंचमध्येच गावयाचे, म्हणजे बाजार आपण होऊन लहान करून घ्यावयाचा. फ्रेंच शासनाने या बाबतीत कायद्याचा आधार देऊ केला आहे. १ फेब्रुवारी १९९४ च्या कायद्यान्वये खासगी नभोवाणी केंद्रांवर लोकप्रिय संगीतापैकी चाळीस टक्के गाणी फ्रेंच भाषेतील असावीत आणि त्यांतील निम्मी नवोदितांची अथवा नवी असावीत, असे बंधन घातले गेले. १ जानेवारी १९९६ पासून ते पूर्णपणे लागू झाले. या बंधनाचा फ्रेंच रॅप गायकांना मोठा हात मिळाला, हे मान्य केले पाहिजे. तरी कायदा जागा राखून ठेवू शकतो, गाणे निर्माण करू शकत नाही. आणि राखलेली जागा बहुधा मोठ्या कंपन्यांचे गायकच आधी पटकावतात. पेर्पिन्याँ परिसरातील 'लिमिन्यानास' या दांपत्याच्या बँडचे उदाहरण बोलके आहे. २००९ च्या सुमारास त्यांची साठच्या दशकाच्या वळणाची, निम्मी गायलेली निम्मी बोललेली गाणी प्रथम तबकडीवर आणली ती शिकागोच्या लहान प्रकाशकांनी. फ्रेंच शब्द न कळणाऱ्या अमेरिकनांना त्यांचा फ्रेंचपणा आधी कळला!

हे वाचताना आपल्याकडची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७० आणि १९७१ साली एका सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेत मुंबईसह देशभरच्या तरुण बँडनी हजेरी लावली. ठेका तोच, गिटारी त्याच, केसही तसेच. आणि भाषा इंग्रजी. त्या स्पर्धेच्या ध्वनिमुद्रिका आज परदेशी संग्राहक शोधत असतात. त्यांत कौशल्य आहे, उमेदही आहे. पण ती ऐकताना हे गाणे मुंबईच्या कोणत्या गल्लीतून आले, याचा पत्ता क्वचितच लागतो. याउलट गोव्याच्या ख्रिस पेरी यांनी जॅझचे परके साहित्य घेतले आणि लॉर्ना यांच्या आवाजात त्याला कोकणी बोलावयास लावले. ती गाणी आजही गोवेकरांच्या लग्नघरांतून गाजतात, आणि या दोघांच्या जीवनावर बेतलेल्या 'नाचोंया कुंपासार' या चित्रपटाला २०१५ मध्ये उत्कृष्ट कोकणी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पणजी आणि पॅरिस यांची तुलना मी करीत नाही; दोन्हीकडे उसनवारीचा निकाल कोणत्या ठिकाणी लागला, एवढेच दाखवावयाचे आहे.

म्हणून रेनल्ड्सच्या आक्षेपाला माझे उत्तर अर्धे होकाराचे आणि अर्धे नकाराचे आहे. १९७९ साली इंग्लंडमध्ये मॉड संप्रदायाचे पहिले पुनरुज्जीवन झाले. त्यात 'द जॅम'चा पॉल वेलर होता, ज्याने जुना सूट घालून आपल्या काळच्या इंग्लंडवर, त्यातील बेकारीवर आणि वर्गभेदावर गाणी लिहिली. आणि त्यात केवळ कोटावर बिल्ले लावून हिंडणारे शेकडो तरुणही होते. पहिल्याची गाणी अद्याप ऐकली जातात; दुसऱ्यांचे बिल्ले जुन्या बाजारात मिळतात. पॅरिसच्या या बँडची सगळी गाणी पहिल्या प्रतीची आहेत, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. काही ठिकाणी ऑर्गनचा सोस वाटतो, काही ठिकाणी ठसका उसनाच राहतो. पण ज्यांना आपल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ठेवताना स्वप्ननगरी लंडनची एखादी फॅशनेबल पेठ न आठवता आपल्याच देशातील पगारदारांची रजा आठवली, त्यांना केवळ वेषभूषेचे भक्त म्हणणे अन्यायाचे होईल.

आणि ती आठवण त्या वर्षी तितकीशी निरुपद्रवीही नव्हती. २०१६ च्या वसंतात नव्या कामगार कायद्याविरुद्ध फ्रान्सभर मोर्चे निघत होते. रेप्युब्लिक चौकात तरुण रात्र रात्र जागून चर्चा करीत होते. १९३६ च्या सुधारणांपैकी चाळीस तासांचा आठवडा तर १९३८ सालीच सरकारी हुकुमांनी पोखरला गेला होता. भरपगारी रजा मात्र टिकली. दोन आठवड्यांचे १९५६ मध्ये तीन झाले, १९६९ मध्ये चार आणि १९८२ मध्ये पाच. येयेच्या ऐन बहराच्या दिवसांत, फ्रान्समध्ये चार गाण्यांच्या छोट्या तबकड्या खपत होत्या तेव्हा, नासिओं चौकातल्या त्या मुलांच्या आईबापांना वर्षाला तीन आठवडे सुट्टी होती.