दुसरी प्रत, पण कपाटात

वार्षिक परीक्षेचे दिवस होते. नववीची उर्दूची प्रश्नपत्रिका दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायची होती. आमच्या घरच्या संगणकावर उर्दू नीट उमटत नव्हती, अक्षरं तुटक दिसायची. एका सहकारी बाईंनी सांगितलं, "अहो, विकतचं सॉफ्टवेअर कशाला घेता? इंटरनेटवर फुकट मिळतं." मी शोधलं, मिळालंही. उतरवून घेताना सूचना आली की, आधी अँटिव्हायरस बंद करा. रात्रीचे अकरा वाजले होते. मी तो बंद केला.

सकाळी संगणक सुरू केला तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटली होती. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी होती: तुमच्या फाइलींना कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर डॉलरमध्ये पैसे भरा, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मी रक्कम.

माझा पहिला संशय मुलावर गेला. "किती वेळा सांगितलं, ते गेम उतरवू नकोस म्हणून!" तो बिचारा गप्प उभा राहिला. दुरुस्तीवाल्याने तारीख आणि वेळ पाहून विचारलं, "मॅडम, परवा रात्री सव्वाअकराला कोण बसलं होतं?" तेव्हा मला मान खाली घालावी लागली. संध्याकाळी मी मुलाची माफी मागितली.

प्रश्नपत्रिका मी हाताने लिहून दिली, ते काही मोठं नव्हतं. गेले ते अब्बांचे फोटो. अब्बा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या इंतकालानंतर जुन्या अल्बमला वाळवी लागली, म्हणून आम्ही सगळे फोटो स्कॅन करून घेतले आणि अल्बम टाकून दिला. त्यांच्या हजच्या दिवसांची वहीसुद्धा पानापानाने स्कॅन केली होती. ती वही तरी आज कपाटात आहे, फोटो मात्र नाहीत. शारजाला असलेल्या नणंदेला काही फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले होते, तेवढेच परत मिळाले, तेही बारीक झालेले.

तुम्ही म्हणाल, दुसरी प्रत ठेवली नव्हती का? ठेवली होती. खास त्यासाठी हार्ड डिस्क घेतली होती. पण ती कायम संगणकालाच जोडलेली असायची. कुलूप लावणाऱ्याने तिलाही सोडलं नाही. अम्मींना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बेटा, घर के काग़ज़ात तो पेटी में रखते हैं, ये क्यों खुला छोड़ा?"

बी.एड.ला मला बरंच शिकवलं गेलं, पण संगणकाबाबत याहून नेमका धडा मला कुणी दिला नाही. या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात, म्हणजे खंडणी मागणारा प्रोग्राम. तो जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर आणि पेन ड्राइव्हवर जातो. म्हणून जी प्रत संगणकाला जोडलेलीच राहते, तिला दुसरी प्रत समजू नका. फोटो, प्रमाणपत्रं, जमिनीचे कागद महिन्यातून एकदा डिस्कवर उतरवा, मग डिस्क काढा आणि कपाटात ठेवा. फार मोलाचं असेल त्याची तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा, भावाकडे किंवा बहिणीकडे. आणि वर्षातून एकदा त्या प्रती उघडून पाहा. डिस्कसुद्धा न सांगता बिघडते.

दुसरी गोष्ट, पहारेकरी झोपवू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये अँटिव्हायरस आधीपासूनच असतो. घरगुती वापराला तो पुरतो. एखादा प्रोग्राम म्हणतो की मला आत घ्यायचं तर आधी पहारेकऱ्याला बाहेर काढा. असा पाहुणा आपण घरात घेतला असता का? आणि फुकटच्या चोरीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याच्या मेहनतीचा हकही बुडतो, हे त्या रात्री माझ्या मनात आलं नाही याची मला लाज वाटते.

खरं तर त्याची गरजच नव्हती. विंडोज ८ पासून 'उर्दू टाइपसेटिंग' नावाचा नस्तालीक फाँट विंडोजसोबत मिळतो. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत उर्दू जोडली की कीबोर्डही मिळतो. गूगलचा 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फाँट कायदेशीररीत्या मोफत आहे. आता माझ्या सगळ्या प्रश्नपत्रिका त्यातच तयार होतात.

तिसरी गोष्ट, अपडेट. "अपडेट करा" असं संगणक सांगतो आणि आपण "नंतर" वर बोट ठेवतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं ठप्प झाली. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये, म्हणजे दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली, त्यांच्या संगणकात तो त्या वाटेने शिरू शकला नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक त्यानंतरही चालतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण नवी भगदाडं बुजवणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या. संगणक विंडोज ११ घेऊ शकत असेल तर घ्या. जुना असल्यामुळे घेत नसेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली जाणकाराकडून बसवून घ्या. मुलांचा अभ्यास, पत्रं, इंटरनेट एवढं काम तीत आरामात होतं.

चौथी गोष्ट, घरात सगळ्यांच्या हाती तिजोरीची किल्ली नको. संगणकावर एक मुख्य खातं ठेवा आणि रोजच्या वापरासाठी प्रत्येकाचं साधं खातं करा. साध्या खात्यातून काही नवं बसवायचं झालं की मुख्य खात्याचा पासवर्ड विचारला जातो. तेवढ्यात माणूस थांबतो, विचार करतो. मीही आता साध्या खात्यातच काम करते.

संगणकाच्या तब्येतीबद्दलही थोडं सांगते. आमच्या मराठवाड्यात उन्हाळा आणि धूळ दोन्ही भरपूर. पंख्याच्या जाळीत धूळ साचली की आतली हवा कोंडते आणि संगणक तापून बंद पडतो. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने जाळी साफ करा. ओलं फडकं आत नेऊ नका. वीज अचानक जाते तिथे यूपीएस घ्या, कारण लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल आणि डिस्क दोन्हींना इजा होऊ शकते. रोज सुरू करताना तारीख चुकीची दिसू लागली आणि बँकेची वेबसाइट "असुरक्षित" म्हणू लागली तर घाबरू नका. बहुधा आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ती थोड्या पैशांत बदलून मिळते.

आणि खबरदारी घेऊनही घात झालाच तर? आधी इंटरनेट तोडा, डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढा. पैसे देऊ नका, कारण पैसे घेऊन किल्ली मिळेलच याची हमी कुणी देत नाही. बँकेतून पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. युरोपातल्या पोलिसांनी आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ पासून 'नो मोअर रॅन्सम' नावाची मोफत सेवा चालवली आहे. काही कुलपांच्या किल्ल्या तिथे मिळतात. आमच्या कुलपाची मिळाली नाही. पण किल्ल्या पुढे कधी सापडतातही, म्हणून ती डिस्क मी पुसलेली नाही. अब्बांचे फोटो तिच्यात बंद आहेत.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मुलगा नवी डिस्क जोडतो, प्रती घेतो, डिस्क काढतो आणि दादीच्या हातात देतो. अम्मी ती रुमालात गुंडाळून घराच्या कागदांशेजारी, अब्बांच्या वहीजवळ ठेवतात आणि कुलूप लावतात. तुमच्या घरी हे काम कुणाकडे आहे? कुणाकडेच नसेल तर येत्या रविवारी ठरवून टाका, इन्शाअल्लाह.