पायाखालचं फेल्ट
जुन्या गाडीचं काम काढलं की सगळे इंजिन, रंग आणि क्रोमबद्दल बोलतात. कार्पेटचा विषय निघालाच तर एका वाक्यात संपतो: फाडून टाका, नवीन टाकू. मला हे मुळीच पटत नाही, आणि पद्मिनीच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

आपली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची १९५३ सालची इटालियन फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं तयार होत राहिली. जीपला असते तशी वेगळी चासी हिला नाही. जमिनीचा पत्रा, दारांखालच्या कडा आणि मधला उंचवटा मिळूनच गाडीला ताकद देतात. तो पत्रा सडला की दारं खाली उतरतात, कुलपं नीट लागत नाहीत, आणि मग वरून कितीही सुंदर रंग मारला तरी काही उपयोग नसतो. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता उरल्यात त्या बहुतेक लोकांनी हौसेनं सांभाळलेल्या, आणि त्यांच्या जमिनीकडे लक्ष द्यायलाच हवं.

पत्रा सडतो कशानं? समोरच्या काचेचं रबर कडक होतं, पावसाचं पाणी डॅशबोर्डच्या मागून झिरपतं आणि पायापाशी येतं. वरचं कार्पेट चार दिवसांत हाताला कोरडं लागतं. पण त्याला खालून चिकटवलेलं फेल्ट पाणी धरून बसतं. पावसाळा संपून ऊन पडलं तरी आतला ओलावा हलत नाही, कारण वरून कार्पेट, खालून पत्रा, वाऱ्याला वाटच नाही. गाडीत कुबट वास येतो, मालक सुगंधी डबी आणून डॅशबोर्डवर ठेवतो, आणि खाली गंज चढत राहतो.

आमच्या पद्मिनीचं करड्या लूपचं कार्पेट आधीच्या मालकानं कधीतरी बाजारातून करून घेतलेलं आहे. पण ज्यानं ते कापलं त्याचा हात पक्का होता. गिअरची दांडी स्टिअरिंगला, त्यामुळे मधल्या उंचवट्यावरून कापड अखंड जातं, कुठेही भोक नाही. सीटच्या रुळांपाशी नेमक्या चिरा, कडेला रेक्झिनचा गोट, ड्रायव्हरच्या टाचेखाली वेगळा रबरी तुकडा शिवलेला. असा साचा आज तयार मिळत नाही. "काका, कशाला एवढी मेहनत? संध्याकाळपर्यंत नवीन टाकून देतो की," असं कुशनवाला म्हणाला. त्यानं आणलेला तयार नमुना उंचवट्यावर दोन ठिकाणी जोडलेला होता आणि कडेला फुगत होता. मी जुनंच ठेवायचं ठरवलं, फक्त त्याच्या पाठीचं फेल्ट सोडवायचं.

आधी ते सावलीत पूर्ण वाळू द्यायचं. ओलं फेल्ट ओढलं तर त्याचे लचके निघतात आणि चिकटवायचं सोल्युशन तिथेच राहतं. वाळल्यावर कार्पेट प्लायवूडवर पालथं घालायचं आणि न चिकटलेली जागा शोधायची. ती सापडतेच, कारण सोल्युशन सहसा कडेनं आणि मध्ये नागमोडी फिरवलेलं असतं. तिथून सुरुवात केली की खरी युक्ती एकच. कार्पेट सपाट राहिलं पाहिजे आणि फेल्ट मागे दुमडून, जवळजवळ जमिनीलगत, हळू ओढलं पाहिजे. उलट केलं, म्हणजे फेल्ट दाबून धरून कार्पेट उचललं, तर कापड ताणतं आणि मग ते उंचवट्यावर पुन्हा तसं बसत नाही.

अडेल तिथे केस वाळवायचा ड्रायर पुरतो. सोल्युशन मऊ झालं की पुट्टीची बोथट पट्टी खालून सरकवायची. वर्कशॉपची हीट गन ५०० अंशांच्या वर जाऊ शकते, आणि कार्पेटचा पॉलिप्रोपिलीनचा धागा १६५ अंशांच्या आसपास वितळतो. तो मोह नको. थिनरचा तर त्याहून नको. कार्पेटचे लूप मागून लॅटेक्सच्या पातळ थरानं धरलेले असतात. थिनर सोल्युशनबरोबर तो थरही सैल करतो, मग पुढून लूप उपसून येतात आणि टक्कल पडतं. शिवाय थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. बंद गॅरेजमध्ये थिनर आणि गरम हवा एकत्र म्हणजे आगीला आमंत्रण.

फेल्ट सुटताना त्याच्या पोटात रंगीत धागे दिसतात, निळे, विटकरी, मधेच लोकरीचा पिवळा. हे फेल्ट जुने कपडे पिंजून केलेलं असतं. तोंडाला मास्क हवाच, धूळ फार उडते. आणि कार्पेटच्या पाठीवर थोडी लव शिल्लक राहिली तर राहू द्या. शेवटचा कण खरवडण्याच्या नादात लॅटेक्स जातं.

नंतरच्या काळातल्या गाड्यांत फेल्टऐवजी फोम असतो. दमट हवेत वर्षं गेली की तो ओल्या बेसनासारखा चिकट होतो किंवा भुसा होऊन गळतो. तो ओढायचा नाहीच. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचा आणि व्हॅक्यूमनं उचलायचा.

कार्पेट निघालं की पत्र्यावरच्या डांबरी शीटवर स्क्रूड्रायव्हरची मूठ वाजवून बघा. घट्ट आवाज आला तर हात लावू नका. पोकळ आला तर खाली पाणी शिरलेलं आहे. असं शीट काढायला कोरडा बर्फ उत्तम, जाड हातमोजे घालून आणि दारं उघडी ठेवून. उणे ७८ अंशांना डांबर ठिसूळ होतं आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यानं तुकडे उडतात. गंज तारेच्या ब्रशनं साफ करून प्रायमर लावेपर्यंत थांबू नका. उघडा पत्रा आपल्या हवेत रात्रभरात तांबूस होतो.

नवीन फेल्ट मात्र चिकटवू नका. मापानं कापून नुसतं अंथरा, वर कार्पेट टाका, कडेला टिचबटणं लावा. म्हणजे पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन्ही उचलून उन्हात टाकता येतात. कुशनवाल्याला हे आधीच, त्यानं सोल्युशनचा डबा उघडायच्या आत सांगा. सवयीनं त्याचा हात तिकडे जातोच.