मुंबई पाहायची म्हणजे काय पाहायचे?

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले की सूचना-फलकावर शैक्षणिक सहलीची नोटीस लागते. दर दोन-तीन वर्षांनी त्या नोटिशीत मुंबईचे नाव असते आणि खाली स्थळांची यादी असते : गेटवे ऑफ इंडिया, ताजमहाल हॉटेल (बाहेरून), राणीची बाग, म्हातारीचा बूट, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहूची चौपाटी. आपल्या आधीच्या विद्यार्थ्यांनी हीच यादी पाहिली, आपणही हीच पाहतो. ही स्थळे पाहू नयेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझी तक्रार एवढीच आहे की मुंबई हे मुळात बंदर आहे आणि या यादीत बंदरच नाही!

आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. बिल ऑफ लेडिंग, सागरी विमा, डेमरेज, बाँडेड वखार हे शब्द आपण पाठ करतो आणि परीक्षेत लिहून मोकळे होतो. पण वखार कशी असते, जहाजावरून माल कसा उतरतो, लिलावात भाव कसा फुटतो हे आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिले आहे? बेळगावात समुद्र नाही हे खरे. म्हणूनच पाचशे किलोमीटरचा प्रवास करून समुद्राकाठच्या शहरात गेल्यावर तरी ते पाहायला नको का?

कोणी म्हणेल, गेटवे म्हणजे बंदरच नव्हे का? गेटवे ही बंदराची शोभा आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा जिथे उतरले, तिथे त्या घटनेची आठवण म्हणून ही कमान उभी राहिली. १९१३ साली पायाभरणी झाली, ४ डिसेंबर १९२४ रोजी ती खुली झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरचे ब्रिटिश सैन्य तिच्याखालूनच निघून गेले. इतिहास म्हणून हे सारे मोलाचे आहे. परंतु मुंबईचा माल या कमानीखालून आला-गेला नाही. तो गोदीतून आला-गेला. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा, आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४ चा. त्या अलेक्झांड्रा डॉकच्या खोदाईत निघालेल्या मातीने समुद्र बुजवून बॅलार्ड इस्टेट वसवली गेली. गेटवेचा आराखडा ज्या जॉर्ज विटेट यांनी केला, त्यांनीच बॅलार्ड इस्टेटचाही केला. एकाच वास्तुशास्त्रज्ञाची दोन कामे. पैकी एकापुढे आपण फोटोसाठी रांग लावतो, आणि दुसऱ्याचे नावही आपल्या यादीत नाही.

या बंदराशी आपल्या भागाचे नाते काय, हा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या काळ्या रानात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या मुंबईच्या कापसातला पुष्कळसा आपल्या धारवाड-बेळगाव पट्ट्यातला. तो बैलगाड्यांनी घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जाई आणि तिथून गलबतांनी मुंबईला. मुंबईच्या बाजारात ‘धारवाड’ आणि ‘कुमठा’ ही कापसाच्या जातींची नावेच होऊन बसली. युद्ध संपले, १८६५ साली भाव कोसळले, प्रेमचंद रायचंदांसारखे बडे सटोडियेही त्यात सापडले. याच प्रेमचंदांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने, राजाबाई टॉवर उभा राहिला. आपण मान वर करून त्या मनोऱ्याची उंची पाहतो. त्याच्या पायात कापूस आहे, आणि त्या कापसातल्या चार गाठी कदाचित आपल्याकडच्याही असतील, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

इथे मला आपल्या दोन भाषांतली एक गंमत सांगाविशी वाटते. पोर्तुगीजांना घारापुरीच्या बेटावर दगडी हत्ती दिसला म्हणून त्यांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. तो हत्ती आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे, आणि सहलीतली मुले त्याच्यापाशी फोटो काढतात. पण कन्नडमध्ये ‘हत्ती’ म्हणजे कापूस! आपल्या वर्गातल्या कन्नड मित्रांना मुंबईत त्यांचा हत्ती दाखवायचा तर बागेत नेऊन भागणार नाही; हार्बर लाईनने कॉटन ग्रीनला न्यावे लागेल. ‘हार्बर लाईन’ या नावातच बंदर आहे, आणि डॉकयार्ड रोड, कॉटन ग्रीन ही स्टेशने म्हणजे वाणिज्याच्या इतिहासाची धडेवार अनुक्रमणिकाच. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने या दोन स्टेशनांना अनुक्रमे माझगाव आणि काळाचौकी ही नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटीवर कोणतेही नाव असो. आधीचे नाव का पडले होते हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावे एवढेच माझे म्हणणे.

बंदर म्हणजे नुसता माल नव्हे; माल वाहणारी माणसेही. माझे थोरले मामा खानापूर तालुक्यातून मुंबईला गेले आणि निवृत्त होईपर्यंत गोदीत राबले. त्यांना मी एकदा विचारले, ‘‘मामा, मुंबईत काय काय पाहिलंत?’’ ते हसून म्हणाले, ‘‘अरे, तुमचा गेटवे वेगळा, आमचा वेगळा. आमचा गेटवे म्हणजे यलो गेट.’’ यलो गेट हा गोदीचा दरवाजा. त्या दरवाजातून रोज सकाळी आत शिरणाऱ्यांत कोकणातले होते, घाटावरचे होते आणि कर्नाटकातलेही होते. मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस मुंबईला आले ते गोदी कामगारांतच प्रथम उभे राहिले. मराठी आणि कन्नड माणूस एकाच पाळीत, एकाच मालाखाली वाकलेला होता. ज्या मासिकात दोन्ही भाषांचे विभाग एकाच पुठ्ठ्यात बांधलेले असतात, त्याच्या वाचकांना याहून अधिक काय सांगावे!

या माणसांनी जे भोगले त्याचेही स्मरण सहलीत व्हायला हवे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले, आणि गोदीतली व आसपासची शेकडो माणसे गेली. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यामुळे. कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवू नये, हा नियम पुस्तकात एका ओळीत येतो. त्या ओळीची किंमत किती मोठी आहे ते तिथे गेल्यावर कळेल.

आता ‘पाहण्यासारखे’ या शब्दाविषयी. घारापुरीची लेणी १९८७ साली जागतिक वारसा ठरली. होड्या भरभरून लोक रोज तिथे जात होते. पण त्या बेटावरच्या गावांना कायमची वीज मिळाली ती २०१८ साली, समुद्राच्या तळातून केबल टाकून. एकतीस वर्षे जग ते बेट पाहत होते, आणि संध्याकाळी पाहुण्यांची शेवटची लाँच सुटल्यावर तिथे राहणाऱ्यांच्या घरी कंदील आणि तासा-दोन तासांचा जनरेटर! केवळ ‘स्थळ’ पाहायची सवय लागली की माणूस दिसेनासा होतो, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी माहीत नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की गोदीत सर्वांना प्रवेश नसतो. बरोबर आहे, रीतसर परवानगी लागते, आणि कधी मिळणारही नाही. परंतु परवानगीशिवाय दिसणारे बंदरही थोडे नाही. पहाटे ससून डॉकला मासळीचा लिलाव पाहावा. बाजारभाव म्हणजे काय हे तिथे दहा मिनिटांत समजते. मात्र टोपल्या वाहणाऱ्या बायांच्या वाटेत उभे राहून फोटो काढू नयेत, कारण ती त्यांच्या कामाची जागा आहे. नंतर गेटवेवरून घारापुरीची लाँच घ्यावी. वाटेत नांगरलेली जहाजे दिसतात, तेलाचे धक्के दिसतात. परतल्यावर बॅलार्ड इस्टेट, फोर्टातले रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय आणि १८३३ चा टाऊन हॉल पायीच पाहता येतो. त्याच्यासमोर, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, वडाच्या झाडाखाली दलाल जमत. त्यांतूनच १८७५ साली शेअर बाजार उभा राहिला. संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर रेवसला जाणारी लाँच पाहावी.

दुसरा आक्षेप असा की सहल ही मौजेसाठी असते. मान्य! पण मौजेच्या नावाखाली तिकिटांच्या बागा आणि खेळांची ठिकाणे वाढत गेली की वर्गणी वाढते. ज्यांच्या घरी ती परवडत नाही ते ‘तब्येत बरी नाही’ म्हणून मागे राहतात, आणि असे कोण कोण मागे राहते हे आपण सारे जाणतो. बंदर पाहायला लाँचचे भाडे आणि लोकलचे तिकीट, याहून फारसे लागत नाही.

घाई करण्याचेही कारण आहे. १९८९ साली न्हावा-शेवा सुरू झाले आणि कंटेनरचे काम खाडीपलीकडे गेले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन गोद्या बुजवण्यात आल्या. मुंबई बंदरात तेल, पोलाद, मोटारी यांची चढउतार आजही चालते. पण काठावरच्या जुन्या वखारींच्या जागी उद्याने आणि फिरण्याचे रस्ते व्हावेत अशा योजना आहेत. ते झाल्यावर तीही प्रेक्षणीय स्थळे होतील आणि आपल्या यादीत आपोआप येतील. त्याआधीच, कामात असलेले बंदर आपण पाहावे असे मला वाटते.

म्हणून सहल समितीच्या प्राध्यापकांना माझी नम्र सूचना आहे. पुढच्या वेळी दोन दिवसांतला एक दिवस जुन्या यादीला द्यावा आणि एक बंदराला. निघण्यापूर्वी आठ दिवस वर्गात त्यावर एक तास व्हावा, आणि मराठी व कन्नड दोन्ही भाषांत एक पानी टिपण प्रत्येकाच्या हाती द्यावे. टिपण लिहिण्याचे काम आम्ही विद्यार्थी आनंदाने करू.