घर घेताना उन्हालाही साक्षीला बोलवा!

२०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उष्माघात म्हटले की आपल्यासमोर रस्त्यावरचा मजूर उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. पण दिवसभर घरात असणारी म्हातारी आई, बाळंतीण लेक, लहान मुले यांचे काय? बाहेर तापलेला माणूस घराच्या सावलीला येतो. घरच भट्टी झाले तर त्याने जावे कुठे?

आपल्या समाजात पत्र्याच्या घरातून शिकून बाहेर पडलेली पहिली पिढी आज कर्ज काढून फ्लॅट घेत आहे. ही अभिमानाची बाब आहे. माझ्याकडे कागद तपासायला येणारे बांधव सात-बारा विचारतात, बँकेचा हप्ता विचारतात. ऊन मात्र कोणीच विचारत नाही. नेमका सर्वात वरच्या मजल्याचा, पश्चिमेचा फ्लॅट थोडा स्वस्त करून आपल्या गळ्यात मारला जातो. ही सवलत नव्हे! ती पुढे विजेच्या बिलातून आणि आजारपणातून वसूल होते.

म्हणून हिवाळ्यात सजवलेला नमुना फ्लॅट पाहून भुलू नका. इमारत उभी असेल तर एप्रिल-मे महिन्यात दुपारी चार वाजता जा आणि त्याच दिवशी रात्री नऊ वाजता पुन्हा जा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खोलीत सोडतो. दक्षिणेच्या खिडकीला छोटा सज्जाही पुरतो, पण पश्चिमेचे ऊन तिरपे असते. ते सज्जाखालून आत येते. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. कूलरला बाहेरची हवा लागते, समोरून हवा निघून जायला वाट लागते आणि रोज पाणी लागते. सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, हेही ध्यानात ठेवा. मे महिन्यात नळाला किती वेळ पाणी येते, टँकरचा खर्च कोण भरतो, हे बिल्डरला नव्हे, शेजारच्या इमारतीतल्या बाईला विचारा.

आता कायद्याचे बोलू. 'घर फार तापते' एवढ्या तक्रारीवर दाद मिळणे कठीण आहे. करारनाम्यात जे लिहून घेतले, त्यावरच भांडता येते. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा करारातील जबाबदारीत दोष निघाला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. म्हणून गच्चीवर उष्णतारोधक थर किंवा पांढऱ्या चिनी फरशीचे तुकडे, बाहेरच्या भिंतीची जाडी, खिडक्यांची मापे आणि सज्जे हे सारे करारनाम्यात लिहून घ्या. मंजूर नकाशाशी ते ताडून पाहा. गच्ची परस्पर कोणाला विकलेली नाही ना, हेही तपासा; नाहीतर उद्या स्वतःच्या डोक्यावर चुना मारायलाही दुसऱ्याची परवानगी मागावी लागेल.

आणखी एक सावधगिरी. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला रेराची नोंदणी सक्तीची नाही. आपले अनेक बांधव अशाच छोट्या इमारतींत घर घेतात. तिथे तर करारनामा आणि मंजूर नकाशा दुप्पट काळजीने वाचला पाहिजे. बिल्डर तोंडी 'सगळे करून देतो' म्हणतो. त्याला नम्रपणे सांगा, 'साहेब, तेवढे लिहून द्या.' लिहून द्यायला जो कचरतो, त्याचे घर घेऊ नका.

आपल्या आईबापांनी पत्र्याखाली उन्हाळे काढले, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे. आयुष्याची कमाई ओतून पुन्हा त्याच भट्टीत राहायला जायचे का, हे सही करण्यापूर्वी ठरवा. सही झाल्यावर नव्हे.