क्रमवारीची चाकरी

संकेतस्थळाचा व्यवसाय करायचा तर आधी शोधयंत्राला काय हवे ते पाहावे आणि मजकुराचा विचार मागाहून करावा, हा उपदेश इतक्या ठामपणे केला जातो की त्यालाच आता व्यवहारज्ञान म्हणतात. आम्हांस तो व्यवहाराच्याच कसोटीवर खोटा वाटतो. साहित्याच्या मंडळींनी 'दर्जा' हा शब्द उच्चारला की तो हळवेपणा ठरतो. म्हणून येथे हिशेबाचीच भाषा वापरू.

मुळात ही क्रमवारी आली कोठून? १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी मांडलेली कल्पना अशी, की ज्या पानाकडे इतर वजनदार पाने दुवे देतात ते पान महत्त्वाचे. शोधनिबंधातील संदर्भांवरून त्याची थोरवी मोजण्याची विद्यापीठीय रीतच येथे आंतरजालावर आली. म्हणजे क्रमांक ही दुसऱ्यांनी दाखवलेल्या आदराची सावली होती. व्यापाऱ्यांनी सावलीच विकत घ्यायला सुरुवात केली. मोजमाप हेच ध्येय झाले की काय होते, हे प्राध्यापकांना वेगळे सांगायला नको: विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली निबंधांना गुण लावले आणि २०१८ साली मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नावे त्यालाच वगळावी लागली.

'डिमांड मीडिया' या अमेरिकी कंपनीने लोक काय शोधतात आणि त्यावर जाहिरात किती मिळेल हे यंत्राने ठरवून, त्या शीर्षकांखाली स्वस्तात लेख पाडून घेतले. जानेवारी २०११ मध्ये तिचे समभाग बाजारात आले तेव्हा तिचे मोल दीड अब्ज डॉलरच्या घरात गेले. त्याच वर्षी गूगलने आपले नियम बदलले. २०२१ साली, नाव बदललेली हीच कंपनी सुमारे ३२ कोटी डॉलरना विकली गेली. (मालकाने कुलूप बदलले म्हणून भाडेकरूने कोणाकडे दाद मागावी?)

पण डिमांड मीडियापाशी गमावण्याजोगे लेखन फारसे नव्हतेच. 'सीनेट'ची गोष्ट अधिक क्लेशकारक आहे. तंत्रज्ञानाची ही जुनी, नावाजलेली पत्रिका २०२० साली ५० कोटी डॉलरना नव्या मालकाकडे गेली. जानेवारी २०२३ मध्ये उघड झाले, की पैशांच्या व्यवहारांवरील तिचे ७७ लेख यंत्राने लिहिलेले होते; पैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका लेखानुसार दहा हजार डॉलरवर तीन टक्के दराने वर्षात दहा हजार तीनशे डॉलर मिळकत होणार होती! आमच्या शाळेत असे गणित करणाऱ्यास बाकावर उभे केले असते. इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी संदर्भ म्हणून या स्थळाचे स्थान खाली आणले. दुव्यांतून मिळालेली पत दुवे देणाऱ्यांनीच काढून घेतली.

याहून दारुण प्रकार ऑगस्ट २०२३ चा. आपण ताजे आहोत असे गूगलला वाटावे म्हणून तिने स्वतःचे हजारो जुने लेख काढून टाकले. जुना मजकूर केवळ जुना म्हणून काढण्याची गरज नाही, हे गूगलच सांगत होते. पण मालकाच्या मनातले ओळखण्याची घाई झालेला चाकर मालकाचेही ऐकत नाही. ग्रंथपालाने कपाट नवे दिसावे म्हणून जुने अंक रद्दीत घालावेत, तसे हे झाले. २०२४ साली पत्रिका पुन्हा विकली गेली, तेव्हा किंमत दहा कोटी डॉलरहून थोडी अधिक होती. घसरणीला इतर कारणेही असतील. पण क्रमवारीच्या आराधनेने ती वाचवली नाही एवढे खरे.

यावर उत्तर ठरलेले असते: वाचकाला सापडलाच नाही तर उत्तम लेख काय कामाचा? प्रश्न रास्त आहे. स्पष्ट शीर्षक, नीट विभागणी, पान चटकन उघडणे, हे सारे करावेच. ग्रंथालयातील सूचिपत्राविरुद्ध आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती काय लिहायचे हेही सूचिपत्रानेच ठरवण्याविरुद्ध. आणि सापडण्याचीही हमी आता उरली कोठे? मे २०२४ पासून गूगल अमेरिकेत अनेक प्रश्नांवर निकालांच्या माथ्याशी स्वतःचा यंत्रनिर्मित सारांश देऊ लागले. ज्या पहिल्या क्रमांकासाठी हा खटाटोप झाला, तो तेथे सारांशाच्या खाली आहे.